कशावरून?

परवा पालकसभेत एका वडिलांनी मला विचारलं, "मॅडम, महिना झाला, मुलगी रोज चंद्र बघत बसते आणि वहीत गोळे काढते. धडा पुढे कधी सरकणार?" त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, काळजी होती. परीक्षा, पोर्शन, हातात उरलेले दिवस हे सगळं मलाही दिसतं. पण मागे आणखी पालक उभे होते आणि दोन मिनिटांत नीट उत्तर देता आलं नाही. म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे.

मी पृथ्वी आणि अवकाश विज्ञान शिकवते. जीवशास्त्राच्या तासाला पान हातात घेऊन बघता येतं, रसायनशास्त्राच्या तासाला परीक्षानळीत रंग बदलताना दिसतो. माझ्या तासाला ज्या गोष्टींबद्दल बोलायचं असतं, तिथे बहुतेक वेळा कुणी गेलेलं नसतं, किंवा ती घडताना बघायला कुणी हजर नसतं. पृथ्वीच्या केंद्रापर्यंतचं अंतर 6371 किलोमीटर आहे. रशियातल्या कोला द्वीपकल्पावर 1970 साली खणायला घेतलेलं भोक 1989 मध्ये 12,262 मीटरपर्यंत पोहोचलं. तिथे खडकाचं तापमान 180 अंशांच्या आसपास निघालं आणि पुढे खणणं जमेना. म्हणजे 6371 पैकी जेमतेम सव्वाबारा किलोमीटर. तरीही पुस्तकात भूकवच, प्रावरण, द्रव बाह्यगाभा, घन अंतर्गाभा अशी चार रंगांतली आकृती ठामपणे छापलेली असते. मुलं ती पाठ करतात, सुबक काढतात, पैकीच्या पैकी गुण मिळवतात.

आणि एकही जण विचारत नाही, "कशावरून?"

खरं तर हा मुलांचाच शब्द. भांडताना, खेळताना, एकमेकांच्या थापा पकडताना दिवसातून दहा वेळा तो त्यांच्या तोंडी असतो. वर्गात पाय ठेवला की मात्र तो गायब होतो. तो परत आणणं हेच माझं काम आहे असं मला वाटतं, आणि त्यासाठी महिना गेला तर तो वाया गेला असं मी मानत नाही.

गाभ्याच्या धड्याला आम्ही एक लांब दोरी घेतो. एक टोक आडवं झटकलं की लहर दुसऱ्या टोकापर्यंत जाते, कारण दोरीचा प्रत्येक भाग शेजारच्या भागाला सोबत ओढतो. पाण्याचे कण शेजाऱ्याला असं आडवं ओढत नाहीत, नुसते बाजूला सरकतात. भूकंपाच्या दुय्यम लहरी अशाच आडव्या झटक्याच्या असतात, आणि पृथ्वीच्या एका बाजूला मोठा भूकंप झाला की पलीकडच्या विस्तीर्ण भागात त्या थेट पोहोचतच नाहीत. म्हणजे वाटेत काहीतरी द्रव आहे. इथपर्यंत मुलं स्वतः येतात, मला फक्त गप्प बसावं लागतं. मग मी त्यांना इंगे लेहमान यांची गोष्ट सांगते. 1929 साली न्यूझीलंडमध्ये झालेल्या भूकंपाच्या नोंदी डेन्मार्कच्या या भूकंपशास्त्रज्ञ तपासत होत्या. प्राथमिक लहरी, म्हणजे द्रवातूनही जाणाऱ्या लहरी, गाभ्यात शिरताना वळतात. त्यामुळे जिथे त्या यायला नकोत, तिथेही काही क्षीण लहरी उमटलेल्या त्यांना दिसल्या. ती चूक म्हणून त्यांनी सोडून दिली नाही. द्रव गाभ्याच्या आत आणखी एक वेगळा गोळा असला पाहिजे, हे त्यांनी 1936 मध्ये मांडलं. पुस्तकातल्या आकृतीतला सगळ्यांत आतला गोळा आला तो तिथून, हे कळल्यावर मुलं त्याच आकृतीकडे वेगळ्या नजरेनं बघतात.

पण माझा सगळ्यांत आवडता तास प्रवाळांचा. चंद्र दरवर्षी सुमारे 3.8 सेंटिमीटरनं आपल्यापासून लांब जातो. कशावरून? अपोलो 11 च्या अंतराळवीरांनी 1969 मध्ये चंद्रावर एक परावर्तक ठेवला. पृथ्वीवरून सोडलेला लेसरचा किरण त्याच्यावर आदळून सुमारे अडीच सेकंदांत परत येतो, आणि तो वेळ अतिशय काटेकोर मोजला की अंतर मिळतं. चंद्र लांब जातो आहे त्याचं कारण भरती-ओहोटी. तिच्यामुळे पृथ्वीची स्वतःभोवतीची गती किंचित मंदावते आणि चंद्र दूर सरकतो. आता हे खरं असेल, तर फार पूर्वी पृथ्वी जास्त वेगानं फिरत असणार, दिवस लहान असणार आणि एका वर्षात जास्त दिवस मावत असणार. इथे मी थांबते आणि विचारते, कोट्यवधी वर्षांपूर्वीचे दिवस मोजायला कोण बसलं होतं?

प्रवाळ बसले होते. त्यांच्या सांगाड्यावर रोज एक बारीक रेघ वाढते, आणि वर्षाचा पट्टाही वेगळा ओळखता येतो. जॉन वेल्स यांनी डेव्होनियन काळातल्या, म्हणजे सुमारे 38 कोटी वर्षांपूर्वीच्या प्रवाळांच्या जीवाश्मांवर या रेघा मोजल्या आणि 1963 मध्ये प्रसिद्ध केल्या. वर्षाला साधारण 400. म्हणजे दिवस जवळजवळ 22 तासांचा! एक पुरावा चंद्रावरच्या आरशाचा, दुसरा समुद्रतळाच्या दगडाचा. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही, आणि दोघेही एकाच दिशेला बोट दाखवतात. त्या दिवशी तास संपल्याची घंटा झाली तरी वर्ग उठत नाही. पंधरा-सोळा वर्षं शिकवते आहे, दरवर्षी हेच होतं.

ऋतूंचंही तसंच. "उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याच्या जवळ असते," हे उत्तर दरवर्षी येतं, मोठ्या माणसांकडूनही येतं. पृथ्वी सूर्याच्या सगळ्यांत जवळ असते जानेवारीच्या सुरुवातीला, सुमारे 14.7 कोटी किलोमीटरवर. जुलैच्या सुरुवातीला ती 15.2 कोटी किलोमीटरवर असते. मी एवढे दोनच आकडे फळ्यावर लिहिते. शिवाय अंतरामुळेच ऋतू होत असते, तर दोन्ही गोलार्धांत एकाच वेळी उन्हाळा आला असता. आस कललेली आहे हे मुलांना पाठ असतंच, ती कशासाठी लक्षात ठेवायची ते त्या दिवशी समजतं.

आणि पृथ्वीचं वय? क्लेअर पॅटरसन यांनी 1956 मध्ये ते 455 कोटी वर्षं ठरवलं, ते ॲरिझोनात पडलेल्या उल्केच्या तुकड्यातल्या शिशावरून, कारण युरेनियमचं ठरावीक गतीनं शिसं होत जातं. पृथ्वीवरचे अगदी सुरुवातीचे खडक वितळून, झिजून हरवले आहेत, त्याच काळात तयार झालेल्या उल्का मात्र तशाच राहिल्या. काम करताना त्यांना प्रत्येक नमुन्यात बाहेरचं शिसं मिसळलेलं सापडायचं. त्याचा मोठा हिस्सा पेट्रोलमधून हवेत येत होता, आणि पुढे अनेक वर्षं ते त्या शिशाविरुद्ध लढले. वय शोधायला निघालेला माणूस हवेतलं विष शोधून आला, हे मला मुलांना सांगायलाच हवं असतं. प्रश्नपत्रिकेत यातलं फक्त 455 कोटी येतं.

माझी तक्रार नेमकी इथे आहे. नावं लिहा, अंतर सांगा, आकृती काढा यांच्या जोडीला प्रत्येक पेपरात निदान एक प्रश्न असा हवा: हे आपल्याला कशावरून कळलं? गुण त्याला जास्त हवेत. आज रात्री अमुक वाजता भूकंप होणार असा मेसेज फोनवर येतो तेव्हा गाभ्याची जाडी कामाला येत नाही. भूकंपाचा दिवस आणि वेळ आधी सांगण्याची पद्धत अजून कुणाकडेच नाही. "कशावरून?" एवढा एकच शब्द तेव्हा उपयोगी पडतो.

आता त्या चंद्राच्या वह्यांबद्दल. नियम एकच होता: जे दिसलं तेच काढायचं, ढग असतील तर रकाना रिकामा ठेवायचा. एका मुलानं तीसच्या तीस रकाने भरून आणले, अतिशय सुंदर. त्यातल्या एका रात्री अमावास्येनंतरची बारीक कोर मध्यरात्री पूर्वेला होती. मी रागावले नाही. सूर्य मावळल्यावर ती कोर कुठे असते, ते त्याच्याच वहीतल्या आधीच्या पानावरून बघायला सांगितलं. तो बराच वेळ बघत राहिला. दुसऱ्या दिवशी त्यानं वही परत आणून दिली. नऊ रकाने खोडले होते, आणि प्रत्येकात लिहिलं होतं, "ढग होते. दिसला नाही."