निशिगंध आहे, पण हार कुठाय?

कोल्हापुरात फुलाचा वास आला की माणसं आधी फूल शोधतात. महाद्वार रोडला वास आला तर प्रश्न नाही, तिथं अंबाबाईचे हार आणि वेण्या टांगलेल्याच असतात. लग्नाच्या हॉलातही चालतं. पण बुधवारी सकाळी, हातात डब्याची पिशवी घेतलेल्या, टक्कल पडायला लागलेल्या गृहस्थाच्या अंगाला निशिगंधाचा घमघमाट सुटला, की तो कुठून आला हे कळल्याशिवाय कुणाला चैन पडत नाही.

बाटली मेव्हण्यानं दुबईहून आणलेली. "दाजी, तिकडं बापयबी ह्येच मारत्यात," म्हणाला. खोक्यावर फ्रेंच नाव, खाली बारीक अक्षरांत निशिगंध, मोगरा, चंदन. मी मानेला दोन फवारे मारले आणि जिना उतरलो.

पहिल्याच मजल्यावर काकू. "पूजा हाय व्हय आज? सांगायचं न्हाई काय!" मी नाही म्हणालो, त्या हसल्या. संध्याकाळी त्यांचा नातू शिऱ्यासाठी वाटी घेऊन दारात.

केएमटीत कंडक्टर तिकीट फाडता फाडता म्हणाला, "पाव्हणं, हाराची पिशवी वर ठेवा, गर्दीत चेंगरंल." पिशवीत चपाती आणि वांग्याची भाजी होती. शेजारच्या बाई तरीही अंग चोरून बसल्या, देवाच्या फुलाला धक्का नको म्हणून.

ऑफिसात मात्र वेगळंच. निशिगंधाचा हार नवरदेवाच्या गळ्यात पडतो तसा तिरडीवरही पडतो. शेजारच्या टेबलावरचे पाटील जवळ आले, आवाज खाली घेतला आणि म्हणाले, "कुणाच्या मातीला जाऊन आला?" मी सेंट आहे म्हणून सांगितल्यावर त्यांचा चेहरा जास्तच गंभीर झाला.

आता हा अन्याय आहे. आपल्याकडे लग्नात पाहुण्यांच्या मनगटाला अत्तर लावत होते, गुलाबदाणीतून पाणी शिंपडत होते. मिशीवाले आजोबा कानात मोगऱ्याचा फाया खोचून बैठकीत बसायचे, त्यांना कुणी मयताचं विचारलं नाही. फरक एवढाच, की जुनं कनोजी अत्तर चंदनाच्या तेलात उतरवलेलं, ते अंगाला धरून राहतं. जवळ येईल त्यालाच कळणार. फवाऱ्यातला सेंट अल्कोहोलमध्ये असतो. अल्कोहोल उडालं की सुवासही सोबत घेऊन निघतो, आणि एप्रिलच्या उन्हात तर त्याची वरातच निघते. त्यातून 'ओ द पार्फ्यूम' म्हणजे साधारण १५ ते २० टक्के सुगंधी अर्क. वर आपलं नाक थोड्या वेळानं त्या वासाची दखल घेणंच सोडतं. म्हणजे गावाला येतोय आणि ज्यानं मारलाय त्यालाच येत नाही!

काकूंना एक गोष्ट मी सांगितली नाही. मोगऱ्याच्या सुवासात इंडोल नावाचं एक द्रव्य असतं, तेच माणसाच्या विष्ठेतही सापडतं. अगदी चिमूटभर असतं तोवर देवाला चालतं.

दुपारी ऑफिसातल्या एकाच्या बढतीची पार्टी, म्हणजे तांबडा-पांढरा. इथं मला फ्रान्समधलं ग्रास हे अत्तरांचं गाव आठवलं. तिथं पूर्वी काचेवर शुद्ध केलेली चरबी पसरून त्यावर मोगऱ्याच्या जातीची आणि निशिगंधाची फुलं मांडायचे. ही फुलं खुडल्यावरही वास सोडत राहतात, चरबी तो पिऊन घेते. शिळी फुलं काढून ताजी मांडायची, असं बरेच दिवस. शेवटी ती चरबी अल्कोहोलनं धुऊन अर्क काढायचा. चरबी वास धरते हे सांगायला आम्हाला फ्रेंच माणूस नको, रश्श्याचा तवंग एकदा शर्टाच्या बाहीला लागला की पुरे. जेवून उठलो तेव्हा मानेला निशिगंध, बोटांना मटण. पाटील लांबूनच म्हणाले, "आता बाराव्याचं जेवण झाल्यागत वाटायलंय."

तरी खरी परीक्षा गंगावेशीत झाली. संध्याकाळी तिथल्या कट्ट्यावर म्हशी उभ्या असतात, समोर धार काढतात आणि फेसाळ पेला हातात देतात. मी पुढं होऊन उभा राहिलो. काळीभोर म्हैस, शिंगं मागं वळलेली, निवांत रवंथ करत होती. तिनं मान फिरवली, ओल्या नाकपुड्या फुलवून माझ्या दिशेनं एक लांब श्वास घेतला आणि रवंथ थांबवलं. बादलीतला चर्र चर्र आवाजही थांबला. गवळी म्हशीच्या पाठीवर थाप मारत बसला, सड ओढून बघितले. काही नाही.

"साहेब, जरा लांब ऱ्हावा. म्हशीनं पान्हा चोरलाय."

पेले घेऊन थांबलेली माणसं वळून बघायला लागली. एक तालमीतला पोरगा नाक वर करून म्हणाला, "हार आणलाय व्हय म्हशीला?" मी रस्ता ओलांडून समोर जाऊन उभा राहिलो. वारा नेमका माझ्याकडून कट्ट्याकडं. गवळ्यानं मान वर केली, बघितलं आणि हातानंच खुणावलं, आणखी लांब.