उणे एकचा मास्तर

वेंगुर्ल्याजवळच्या शाळेत 28 वर्षे गणित शिकवताना मी पुष्कळांना शून्य गुण दिले, पण उणे गुण कोणालाही दिले नाहीत. तो मान माझ्यासाठीच राखून ठेवलेला होता. घरामागे पर्यटकांसाठी दोन खोल्या बांधाव्यात म्हणून कर्ज मागायला गेलो, तेव्हा बँकेतील तरुण अधिकारी संगणकाकडे पाहत म्हणाला, "काका, तुमचा सिबिल मायनस वन आहे." सिबिल म्हणजे आपण कर्ज कसे फेडतो याचे गुण; हा स्कोअर 300 ते 900 असा मोजतात आणि तो 750 च्या वर असला की बँका हसून बोलतात; उणे एक म्हणजे या माणसाने कर्ज घेतल्याची नोंदच नाही. कोणाचे देणे ठेवले नाही, असे माझे वडील शेवटपर्यंत अभिमानाने सांगत असत. त्यांचाही स्कोअर उणे एकच भरला असता.

उपायही त्या मुलानेच सुचवला. माझ्याच 25,000 रुपयांच्या मुदत ठेवीवर मला 20,000 मर्यादेचे क्रेडिट कार्ड मिळाले. ते वापरायचे, पण मर्यादेच्या तीस टक्क्यांच्या आत, म्हणजे 6,000 पर्यंतच. व्याह्यांकडे जेवायला बसल्यासारखे, नको म्हणायची सोय नाही आणि मागून घ्यायचीही नाही. बिल मात्र मुदतीत आणि पूर्ण भरायचे, कारण 'किमान देय रक्कम' म्हणून जो लाघवी आकडा छापलेला असतो तेवढाच भरला, तर माझ्या कार्डाच्या पत्रकाप्रमाणे महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला 42 टक्के व्याज लागते. इतके व्याज मागताना जुना सावकारसुद्धा एकदा खाकरला असता.

तर आज सकाळी मी दुकानात 380 रुपयांचे उकडे तांदूळ आणि खोबरेल तेल घेऊन कार्ड पुढे केले. कोळंबी विकणारी बाईसुद्धा जिथे क्यूआर कोड दाखवते, तिथे कार्ड पाहून दुकानदाराचा चेहरा पडला. त्याने सुतळीच्या गुंड्यांखालून मशीन काढले, फुंकर मारली आणि रेंज नाही म्हणून ते घेऊन बाहेर चिऱ्याच्या गडग्यावर चढला. मी कार्ड उंच धरून खाली उभा राहिलो. नेमके तेव्हाच आबा विडीबंडल न्यायला आले.

"मास्तरानू, घरात सगळा बरा असा मां?"

मी सांगितले की हे तसे पाहिले तर पंचेचाळीस दिवसांचे उसने आहे.

"म्हणजे तुमच्याकडे पैशे नाय?"

"आहेत ना."

"मगे कर्ज कित्याक काढतास?"

"पुढे कर्ज मिळावे म्हणून."

आबांनी विडी पेटवली, दोन झुरके घेतले आणि गडग्यावरच्या दुकानदाराकडे बोट दाखवले. "ह्येच्याकडे माझी उधारी चाळीस वर्षा असा. माझो नंबर कितको येतलो?"

"तुझो नंबर माझ्या वहीत असा, आबा," वरून उत्तर आले, "आणि तो दर म्हयन्याक वाढता."

आबांचा आनंद गगनात मावेना. पोरे त्यांच्याकडे आदराने पाहू लागली. माझा मात्र जीव जळत होता, कारण या विनोदात तथ्य होते. तीन-तीन गाड्यांचे हप्ते फेडणाऱ्या शेजाऱ्याचा स्कोअर 780, आणि आयुष्यभर रोख मोजणारा मी बँकेच्या दारात अनोळखी. कार्डवाली बँक माझी माहिती आता नियमाप्रमाणे सिबिलला कळवत राहील, तरी स्कोअर दिसायला सहा महिने जातील आणि तोवर चिऱ्याचा भाव माझ्यासाठी थांबणार नाही. एवढ्यात मशीन वाजले, पण पावतीचा कागद संपला होता, आणि दुकानदाराने उतरताना 'मशीनचे' म्हणून वरचे आठ रुपये रोख मागून घेतले.

दुपारपर्यंत मास्तरांची ओढाताण गावभर झाली. बायकोला दोघींनी तांदूळ देऊ केले. संध्याकाळी आबा स्वतः आले आणि पाचशेची घडी घातलेली नोट माझ्या मुठीत कोंबली. मी परत देऊ लागलो, पण ते तोवर पायऱ्या उतरले होते.

"घाई नाय, मास्तरानू," ते अंगणातून म्हणाले, "हप्त्यान द्या."