चाचणीचा अहवाल आणि रुग्णाची हकिगत : एका प्रतिक्रियेला उत्तर

दमा आणि ॲलर्जीच्या रुग्णांना भाषेमुळे येणाऱ्या अडचणींवर मी लिहिले होते. त्यावर आपला आक्षेप असा, की गोव्यात कोंकणी, मराठी किंवा हिंदी यांपैकी एखादी भाषा प्रत्येकाला येतेच आणि निदान चाचण्यांनी होते. मग भाषेचा एवढा बाऊ कशाला?

आधी चाचण्यांविषयी. आपल्या दमट हवेत गाद्यागिरद्यांत फोफावणाऱ्या माइट या सूक्ष्म किड्यांची चाचणी सकारात्मक आली, तर शरीर त्यांना संवेदनशील झाले आहे एवढेच कळते. त्रास त्यांच्यामुळेच होतो का, हे तो कधी, कुठे आणि कशानंतर होतो याच्याशी ताडून पाहिल्यावाचून ठरत नाही. माइट आणि कोळंबी या दोहोंत ट्रोपोमायोसिन हे बरेचसे सारखे प्रथिन असते. त्यामुळे माइटची ॲलर्जी असलेल्याची कोळंबीची चाचणीही सकारात्मक येऊ शकते, मग तो वर्षानुवर्षे सुंगटांचे हुमण, म्हणजे कोळंबीची आमटी, बिनत्रास जेवत का असेना. त्याला न विचारता सुंगटे बंद करणे ही गोव्यात शिक्षाच म्हणायची! उलट, खाल्ल्यावर खरोखर गांधी उठून धाप लागणाऱ्याची हकिगत डॉक्टरांपर्यंत पोहोचली नाही, तर प्रसंग जिवावर बेतू शकतो, कारण दमा आटोक्यात नसलेल्यांत अशी प्रतिक्रिया अधिक गंभीर होण्याचा धोका असतो.

राहिली हिंदी. झुआरीनगरात राहणारी, घरी कन्नड बोलणारी मजूर स्त्री 'साँस नहीं आती' एवढे सांगू शकेल. पण नाक बारमाही चोंदलेले असते, पहाटे शिंका थांबत नाहीत, हे ती आपणहून सांगणार नाही, कारण त्याचा दम्याशी संबंध असेल असे तिच्या मनातही येत नाही. नाकाची ॲलर्जी तशीच राहिली, की दमाही आवरणे अवघड जाते. शाळकरी मुलगा दुभाषा झाला, तर आई रात्री किती वेळा उठून बसते, हे त्याला ठाऊक असेलच असे नाही.

औषधांचा खर्च आणि बुडणारी रोजंदारी हे मोठे अडथळे आहेत, हे आपले म्हणणे मान्य. तरीही, केवळ तात्पुरता आराम देणाऱ्या पंपावर विसंबू नये, असे दम्यावरील 'जीना' या जागतिक संस्थेच्या मार्गदर्शक सूचना २०१९ पासून सांगत असताना, रोजचा पंप कोणता आणि धाप लागल्यावरचा कोणता, हेच रुग्णाला उमगले नसेल, तर विकत घेतलेले औषधही वाया जाते. म्हणून अशा स्त्रीला 'समजले का?' असे विचारण्याऐवजी दोन्ही पंप हातात देऊन वापरून दाखवायला सांगावे आणि कन्नड जाणणारी परिचारिका जवळ नसेल, तर तिला फोनवर घ्यावे, एवढेच माझे म्हणणे होते.