खारं पाणी, जळलं ऑईल आणि तुमच्या बापूंची गाडी

भाऊ,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला. दुसऱ्यांदा वाचली तेव्हा लक्षात आलं की निम्म्या गोष्टींत तुमचंच बरोबर आहे, आणि तेवढं कबूल केल्याशिवाय उरलेल्या निम्म्यावर भांडायला मला तोंड नाही. मागच्या लेखात मी लिहिलं होतं की पावसाळ्यात ट्रकचं पोट दर आठवड्याला प्रेशरनं धुवा, खालून कोटिंग करून घ्या आणि जळलं ऑईल मारणं सोडा. बाकीच्या वाचकांसाठी तुमचं उत्तर इथं उतरवतो:

"काऊन बाप्पा, आपल्या इकडं कुठी समुद्र हाय की मीठ लागून गाडी सडन? मे महिन्यात ४५ डिग्री ऊन, गंज कायचा येते? माह्या बापानं तीस वर्सं चेसिसले जयलं ऑईल मारलं, गाडी अजून टनटनीत हाय. पाणी मारू मारू तुम्हीच गंज चढवून रायले. वॉशिंगवाल्याचं कमिशन हाय काय तुमाले? अन् येवढं समजते तं सांगा, बॉडीच्या लाकडाखाली जो गंज धरते तो कसा काढाव?"

कमिशनचं आधी उरकतो. माझी एकच दहाचाकी आहे, तिचे हप्ते अजून फिटायचे आहेत, आणि वॉशिंगवाल्याकडे उलट माझीच दोन महिन्यांची उधारी आहे.

आता समुद्राचं. दर्यापूर-मूर्तिजापूरकडच्या माणसानं "मीठ कुठून येणार" असं विचारावं, याची मला खरंच गंमत वाटली. पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती, बुलडाण्यात पसरलेला आपला खारपाणपट्टा तुम्हाला मी काय सांगावा? बोअरच्या पाण्याचा चहा फाटतो, भिंतीला पांढरं फुटतं, पाहुणा पहिल्याच घोटाला तोंड वाकडं करतो. पण गाडी धुवायची म्हटली की आपण त्याच बोअरचा पाइप उचलतो! मीही चार वर्षं तेच केलं. मग मुलानं घरच्या फिल्टरसाठी टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजायचं पेनाएवढं मीटर आणलं, ते सहज बोअरच्या बादलीत बुडवलं तर आकडा आला ३,१०० (लिटरमागं मिलिग्रॅम). पिण्याच्या पाण्याला बीआयएसनं (भारतीय मानक ब्यूरोनं) ५०० ची मर्यादा घातली आहे, दुसरा स्रोतच नसेल तर २,०००. शेजारच्या शेततळ्यातलं, पावसाचं साठलेलं पाणी मोजलं तर दोनशेच्या आत. टीडीएस म्हणजे सगळं मीठच असं नाही, त्यात इतर क्षारही येतात. पण आपल्या पट्ट्यात खारटपणा कशाचा आहे ते जिभेलाच कळतं.

लोखंड गंजतं ते पाणी आणि हवा यांच्या जोडीनं, आणि ती क्रिया मुळात विजेच्या बारीक प्रवाहाची आहे. पाण्यात मीठ असलं की प्रवाह सहज वाहतो. त्यातलं क्लोराइड रंगाच्या चिरेतून आत शिरतं आणि लोखंडावर कुठं संरक्षक थर धरू लागला असेल तर तोही फोडतं. धुऊन झाल्यावर पाणी उडून जातं, मीठ मात्र सांध्यात राहतं. पुढं हवा दमट झाली की ते मीठच हवेतली ओल ओढून घेतं, म्हणजे पाऊस नसतानाही तेवढी जागा ओलसर राहते. त्यामुळं "पाणी मारून तुम्हीच गंज चढवता" हे तुमचं वाक्य माझ्या चार वर्षांना तंतोतंत लागू आहे. मागच्या लेखात मी धुवा म्हणालो, कशानं धुवा ते लिहिलं नाही. चूक माझी.

मीठ फक्त पाण्यातून येतं असंही नाही. खताचा रॅक (मालगाडी) लागला की आपण सगळेच भाडं मारतो. पोटॅश म्हणजे म्युरेट ऑफ पोटॅश, सरळ पोटॅशियम क्लोराइड, मिठाचा सख्खा भाऊ. गोणी फाटते, दाणे फळ्यांच्या फटीतून चेसिसवर पडतात, कुणी झाडत नाही. युरियाही हवेतली ओल धरतो. आणि वणी-घुग्घुसकडचा कोळसा भरत असाल तर त्यात गंधक असतं. धूळ बसावी म्हणून कोळशावर पाणी मारलेलं असतं, ते फळ्यांतून गळतं तेव्हा त्याला आम्लाची धार आलेली असते. खत किंवा कोळसा उतरवल्यावर आधी कोरडी झाडणी, बॉडीतही आणि खाली चेसिसवरही. या एका सवयीला पैसा लागत नाही, आणि क्लीनर कुरकुरतो तेवढा कुरकुरू द्यावा.

उन्हाबद्दल तुम्ही म्हणता ते मे महिन्यापुरतं शंभर टक्के खरं. हवेतली आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या खाली राहिली की लोखंड फारच हळू गंजतं, आणि आपला एप्रिल-मे त्याच्या कितीतरी खाली असतो. घोटाळा आहे तो मृग लागल्यापासून दिवाळीपर्यंत, आणि त्याचं कारण पावसापेक्षा आपली काळी माती जास्त आहे. मुरमाचा चिखल वाळतो आणि झडतो. काळी माती पाणी पिऊन फुगते, बोटाला गोंदासारखी धरते, आणि वरून वाळून तडकली तरी आत ओलीच असते. विश्वास नसेल तर पाऊस उघडल्यावर आठ दिवसांनी कमानपाट्याच्या हँगरमागं, म्हणजे स्प्रिंगचे पाटे चेसिसला जिथं टांगलेत तिथं, बसलेलं ढेकूळ फोडून पाहा, हाताला गार लागेल. पाऊस आठ दिवसांपूर्वी गेला, तुमची चेसिस मात्र अजून ओल्या फडक्यात गुंडाळलेली आहे. "वाळला की आपोआप गळते" असं सगळेच म्हणतात, गळतं ते दिसणाऱ्या जागेचं. न दिसणाऱ्या जागांची भानगड वेगळी. चेसिसची लांब पट्टी इंग्रजी सी सारखी वळवलेली असते, तिची खालची कड पन्हाळीसारखी चिखल झेलते. डिझेल टाकीच्या पट्ट्यांखाली, क्रॉस मेंबरच्या (चेसिसच्या आडव्या पट्टीच्या) कोपऱ्यात, हवेच्या टाकीच्या वर, जिथं दोन पत्रे एकावर एक रिबिट केलेत त्या फटीत, तिथला चिखल वर्षानुवर्षं तसाच. फटीत गंज धरला की तो मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, पत्रे एकमेकांपासून ढकलतो, आणि एक दिवस रिबिटाचं डोकं उडून हातात येतं.

(अमरावती-अकोला दरम्यान २०२२ च्या जूनमध्ये ७५ किलोमीटर डांबर पाच दिवसांत अंथरून गिनीज रेकॉर्ड झालं, चांगली गोष्ट आहे. गाडीला चिखल लागतो तो त्या रस्त्यावर नाही, सोयाबीन भरायला उतरतो त्या शेवटच्या दीड किलोमीटर पांदणीत. तिचं रेकॉर्ड कोण करतं ते बघू.)

म्हणून आठवड्याला धुवा हा सल्ला मी मागं घेतो. आता मी असं करतो: चिखल अर्धवट वाळला की गाडीखाली शिरून खुरपं आणि लाकडी काठीनं खरवडायचा, मग गाडीच्याच टाकीवरून हवेचा पाइप घेऊन फटींत हवा मारायची. पाणी महिन्यातून एकदा, खत-कोळशाच्या भाड्यानंतर हटकून, आणि ते शेततळ्याचं किंवा कॅनॉलचं. बोअरशिवाय इलाजच नसेल तर शेवटचा हात तरी गोड्या पाण्याचा. उन्हाळ्यात पाणी बंदच. गावात टँकरला रांग लागलेली असताना ट्रकखाली पाणी सोडणारा माणूस मला आवडत नाही, आणि त्या दिवसांत गरजही नसते. ड्रम तापलेले असताना त्यावर गार पाणी मारायचं नाही, तडा जातो. प्रेशरची धार हबच्या सीलवर, फिरत्या शाफ्टच्या जॉइंटच्या क्रॉसवर, वायरच्या कनेक्टरवर आणि मागच्या ॲक्सलच्या हाउसिंगच्या ब्रीदरवर (हवेच्या भोकावर) थेट धरायची नाही, पाणी आत घुसतं. धुतल्यावर प्रत्येक निप्पलला जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत नवीन ग्रीस, मग चार-पाच किलोमीटर फेरी मारून ब्रेक दोन-तीनदा दाबायचे, आणि गाडी उंच, मुरमाच्या जागेवर उभी करायची. गोठ्याशेजारी उभी करू नका, शेणामुताची ओल लोखंडाला वाईट. हवेच्या टाकीखालचा ड्रेन रोज उघडायचा हे तुम्हाला माहीत असेलच. गंज तिथं आतून येतो, आणि आतून आलेला दिसत नाही.

आता जळलं ऑईल. बापूंच्या, म्हणजे तुमच्या वडिलांच्या, तीस वर्षांपुढं मी वाद घालणार नाही, तेलाचा थर पाणी अडवतो हे खरंच आहे. शिवाय जुन्या गाड्या इंजिनापासून हाउसिंगपर्यंत स्वतःच इतकं गळायच्या की मधली चेसिस, ऑईल मारो न मारो, माखलेलीच असायची. पण बापूंना एक विचारा: त्या तीस वर्षांत पाट्यांचे बुश, ब्रेकचे होज आणि बूस्टरचे रबर किती वेळा बदलले? खनिज तेल रबराला फुगवतं आणि मऊ करतं. काही जण त्यात डिझेल मिसळून फवारतात, ते ग्रीसही धुऊन नेतं आणि टायरलाही खातं. एकदा का शिंतोडे ब्रेकच्या लायनरवर गेले की तो लायनर गेलाच समजा. वापरलेल्या ऑईलमध्ये इंजिनातल्या जळणाची आम्लं, काजळी, धातूचा बारीक चुरा आणि थोडं पाणीही असतं, म्हणजे गंज अडवायला आपण जे लावतो त्यातच गंजाची थोडी सामग्री. त्यावर आपल्या पांदणीची धूळ बसली की पॉलिश पेपरचा लेप तयार. आणि जो पोरगा उघड्या हातानं गाडीखाली झोपून ते मारतो, त्याच्या कातडीला ते रोज लागणं चांगलं नाही, त्यात कॅन्सर करणारी द्रव्यं असतात. २०१६ च्या नियमांनी ते घातक कचऱ्यात मोजलंय, उगाच नाही. उरलेलं ऑईल विहिरीजवळ ओतणारेही पाहिलेत, त्यावर बोलत नाही.

तरीही चेसिसच्या पन्हाळीत आतून तेलाचा हात हवाच असेल तर नवीन ऑईल घ्या, थोडं घ्या, ब्रशनं लावा, रबरापासून आणि सायलेन्सरपासून लांब. पाट्यांच्या मधे ग्रॅफाइट ग्रीस. बापूंच्या सवयीतला कामाचा भाग एवढाच, आणि तो मी ठेवलाय.

कोटिंगच्या बाबतीत मात्र मी तुमच्याहून मोठा गाढव ठरलो आहे, ते मागच्या लेखात लपवलं होतं. एका दुकानात ऐन श्रावणात चेसिसला काळं रबरी कोटिंग मारून घेतलं. धुतली, दोन तास उभी ठेवली, मारलं. दिसायला हत्तीच्या कातडीसारखं झकास. दोन पावसाळ्यांनी मागच्या हँगरजवळ फुगवटा आला, पेचकसानं टोचला तर पाणी गळलं, आणि कातडी ओढली तर खालून गंजाचे पापुद्रे, जिलेबीच्या पाकासारखे लाल. ओल बाहेर ठेवायला मारलेलं कोटिंग ओल आत धरून बसलं होतं. काहीच मारलं नसतं तर निदान दिसलं असतं. पासिंगच्या आदल्या दिवशी चिखलावरूनच काळा रंग फिरवणाऱ्यांचीही तीच गत, फक्त स्वस्तात.

तेव्हापासून हे काम मेच्या पहिल्या आठवड्यात. लोखंड हाडापर्यंत वाळलेलं असतं. पहाटे पाचला सुरू करायचं, कारण दुपारी चटका बसणाऱ्या पत्र्यावर रंग नीट धरत नाही. तारेचा ब्रश, सैल गंज सगळा खाली, घट्ट बसलेल्या डागांना फॉस्फोरिक ॲसिडवालं रस्ट कन्व्हर्टर, हातमोजे घालून, मग प्रायमर. साधं रेड ऑक्साइड म्हणजे स्वतःच लोखंडाचं ऑक्साइड, गंजाचा चुलतभाऊ, ते नुसतं झाकतं. जस्ताचं प्रमाण जास्त असलेलं झिंक प्रायमर महाग पडतं, पण घासून उघड्या केलेल्या लोखंडावर ते लोखंडाऐवजी स्वतः झिजतं, म्हणून हँगर आणि क्रॉस मेंबरपुरतं तरी तेच. त्यावर चेसिस ब्लॅक रंग. फटींत आणि पन्हाळीत मेणाचा स्प्रे, तो आटत नाही, खरचटलं तरी पुन्हा पसरतो. रबरी कोटिंग चाकांच्या वरच्या पत्र्यालाच, जिथं गिट्टी उडते.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, आणि सगळ्यात खरा तोच आहे. बॉडी आणि चेसिस यांच्यामध्ये बसवलेलं लाकूड पाणी पितं आणि चेसिसच्या डोक्यावर महिनोनमहिने ओल धरतं. तिथं ब्रश जात नाही, स्प्रे जात नाही. बॉडी उचलल्याशिवाय तो गंज निघत नाही, दुसरं कुणी काही सांगितलं तर ऐकू नका. तोवर दोन्ही बाजूंनी फटीत हवा मारत राहा, खत भरू नका असं मी म्हणणार नाही कारण भाडं सोडवत नाही, पण त्या लाकडाच्या कडेला दाणे साचू देऊ नका. बॉडी चेसिसला आवळणारे यू बोल्ट ढिले झालेत का तेही बघा. लाकूड कुजून दबलं की ते आधी ढिले पडतात. बॉडीचं काम निघेल तेव्हा चेसिसची वरची कड घासून झिंक मारा, जुनं लाकूड फेका, नवीन बसवण्याआधी सगळ्या बाजूंनी, विशेषतः कापलेल्या टोकांना, प्रायमर द्या. माझी बॉडी पुढच्या मेमध्ये उचलणार आहे. बापूंना घेऊन या, गाडीखालीच बसून चहा घेऊ. पाणी शेततळ्याचं असेल.