7-0 झालं म्हणून गेम संपत नाही

‘टेबल टेनिसचे खरे नियम’ म्हणून एक मेसेज फिरतोय. त्यातले दावे: 7-0 झालं की गेम खलास, सर्व्हिस दोनदा नेटला लागली की पॉइंट समोरच्याचा, 10-10 नंतर पुढचा पॉइंट घेईल तो जिंकला, बॅट धरलेल्या बोटांना बॉल लागला की पॉइंट गेला. चारही दावे चूक.

आधी 7-0. आधी 11 पॉइंट करेल त्याचा गेम. दोघेही 10 वर आले तर दोनची आघाडी हवी. यापलीकडे गेम संपायची वाटच नियमांत नाही. मित्रामित्रांत टेबल लवकर रिकामं व्हावं म्हणून 7-0 ला थांबवतात, खुशाल थांबवा, पण त्याला नियम म्हणू नका. सर्व्हिस दर दोन पॉइंटनी बदलते. म्हणजे पहिली सर्व्हिस करणाराच 7-0 ने पुढे असेल, तर आठवी सर्व्हिस पिछाडीवरच्याच्या हातात असते. नेमका तेव्हा त्याचा गेम काढून घ्यायचा, हा कुठला न्याय?

नेटचा दावा अर्धवट ऐकलेला. नेटला लागून सर्व्हिस एरवी बरोबर पडली, तर तो लेट, म्हणजे सर्व्हिस पुन्हा करायची; दोनदा होवो की दहादा, पॉइंट कुणालाच नाही. नेटला लागून बाहेर गेली तर मात्र पहिल्याच फटक्यात पॉइंट गेला. लॉन टेनिससारखी दुसरी संधी इथे नाही.

10-10 ला निर्णायक एकच पॉइंट काही लीगमध्ये खेळवतात, गोंधळ बहुधा तिथला. आंतरराष्ट्रीय नियमांत दोनच्या फरकाशिवाय सुटका नाही. 15-13, 18-16, कितीही लांबू शकतं. फक्त 10-10 पासून सर्व्हिस एकेका पॉइंटला बदलते.

बोटांचं म्हणाल, तर बॅटच्या हाताचा मनगटाखालचा भाग बॅटच्याच हिशेबात धरतात. बोटाला लागून बॉल पलीकडे नीट पडला तर रॅली चालू. मोकळा हात खेळ चालू असताना टेबलाच्या पृष्ठभागाला टेकला, तर मात्र पॉइंट गेलाच.

मेसेजच्या शेवटी ‘एकूण पॉइंट जास्त त्याचा सामना’ असंही ठोकून दिलंय. पाच गेमच्या सामन्यात 2-11, 3-11 असे दोन गेम हरून 11-9, 11-9, 11-9 असे तीन जिंकलेल्याचे एकूण पॉइंट 38, प्रतिस्पर्ध्याचे 49. सामना 38 वाल्याचा.