काळे डाग म्हणजे मॅग्नेशियमची कमतरता नव्हे

घरी लावलेल्या बटाट्यांबद्दल एक मेसेज सगळीकडे फिरतोय. पान पिवळं पडो, काळं पडो की वाळो, कारण म्हणे एकच: मॅग्नेशियम कमी. उपाय, रोज संध्याकाळी पानांवर एप्सम सॉल्टचं (मॅग्नेशियम सल्फेटचं) पाणी फवारा. शिवाय खवड्यावर (बटाट्याच्या सालीवर खरबरीत चट्टे पाडणाऱ्या रोगावर) राख टाका, हिरवा बटाटा पौष्टिक असतो, फूल नाही तर बटाटा नाही. माझ्या बहिणीने हे वाचून नेमाने फवारणी केली आणि तिचा अख्खा वाफा करपला, म्हणून लिहितेय.

मॅग्नेशियम कधी कमी पडतच नाही असं नाही. पण ते ओळखता येतं: खालच्या, जुन्या पानांच्या शिरा हिरव्या राहतात आणि मधला भाग पिवळा पडतो. तिथे एप्सम सॉल्ट चालेल. तीन-चार महिन्यांचं झाड सगळंच पिवळं पडत असेल, तर त्याचं वय झालंय, काढणीला लागा.

काळे डाग ही वेगळीच गोष्ट आहे. डागात एकात एक वर्तुळं असतील, तर तो लवकर येणारा करपा. डाग पाण्यात भिजल्यासारखे दिसून झपाट्याने पसरत असतील आणि दमट हवेत पानाच्या खालच्या बाजूला पांढरी लव दिसत असेल, तर तो उशिरा येणारा करपा, फायटोप्थोरा इन्फेस्टन्स या बुरशीसारख्या जीवामुळे होणारा. थंड, ओल्या हवेत तो काही दिवसांत वाफा संपवतो. त्याला पसरायला ओलं पान लागतं, आणि हा मेसेज रोज संध्याकाळी पान भिजवायला सांगतो!

1845 साली आयर्लंडमध्ये हाच रोग आला. पुढच्या काही वर्षांच्या दुष्काळात सुमारे 10 लाख माणसं मेली. तेव्हाही बरेच जाणकार म्हणत होते की पावसाचं पाणी जास्त झाल्याने झाडं कुजली, पानावरची बुरशी नंतर आली. इंग्लंडचा बुरशीतज्ज्ञ माइल्स बर्कलीने 1846 मध्ये मांडलं की ती बुरशीच रोगाचं कारण आहे, आणि 1861 मध्ये जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ अँटोन डी बारीने ते प्रयोगाने सिद्ध केलं. इतकं होऊनही आज कुणी एप्सम सॉल्ट फवारायला सांगत असेल, तर राग येणारच.

असा करपा दिसला की पाला जमिनीलगत कापून बाहेर काढा, दोन-तीन आठवडे थांबून मग बटाटे खणा. त्यातलं बेणं ठेवू नका. सडके बटाटे कंपोस्टमध्येही नकोत.

राखेने माती अल्कधर्मी होते आणि खवडा उलट वाढतो. खवडा टाळायचा तर कंद धरताना मातीत ओल टिकवा. फुलांचं म्हणाल, तर कित्येक वाणांना फुलं जेमतेम येतात, तरी खाली बटाटे लागतात.

हिरव्या बटाट्याबद्दल अर्धं खरं आहे. हिरवा रंग हरितद्रव्याचा, तो निरुपद्रवी. पण ज्या उजेडाने तो येतो, त्याच उजेडाने सोलॅनिन हे विषारी द्रव्यही वाढतं, आणि ते उकडून जात नाही. थोडासा हिरवेपणा असेल तर तो भाग कोंबांसकट खोल कापून टाका. बराच हिरवा किंवा कडू लागणारा बटाटा सरळ फेका, मुलांच्या ताटात तर मुळीच नको.