तेवीसचा आकडा आणि आपली कंबर

जानेवारी २०२५ मध्ये भारतातल्या डॉक्टरांनी लठ्ठपणाचे निकष नव्याने मांडले. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, २३ च्या वर गेला की लठ्ठपणाची पहिली पायरी, असं त्यात ठरलं. तेव्हापासून पुण्यातल्या माझ्या मित्रमंडळींत जो वाद चाललाय, तो ऐकून माझं डोकं उठलंय. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: बीएमआय हे गोऱ्यांचं माप, एका बेल्जियन माणसाने युरोपातली माणसं मोजून काढलेलं. आपली हाडापेराची ठेवणच वेगळी, त्यामुळे ते आपल्याला लागू नाही. आणि आता वजन उतरवायची इंजेक्शनं भारतात खपवायची आहेत, म्हणून मर्यादा खाली आणली.

यातला पहिला भाग खरा आहे. तो बेल्जियन माणूस म्हणजे क्वेटेलेट, खगोलशास्त्रज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ. त्याला 'सरासरी माणूस' कसा असतो ते शोधायचं होतं, आजार ओळखायचे नव्हते. किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग, एवढंच ते गणित. त्यातून स्नायू किती, चरबी किती आणि ती साठलीय कुठे, यातलं काहीच कळत नाही. माप आपल्याला जसंच्या तसं लागू नाही, हेही कबूल. पण लागू नाही म्हणजे आपल्याला सवलत आहे, हे यांना कुणी सांगितलं? आपल्यासाठी धोका कमी आकड्यावरच सुरू होतो. मर्यादा खाली आणावी लागली ती त्यामुळे.

आणि हे सिद्ध करायला पुण्याच्याच माणसाने आयुष्य घातलंय, याचं मला सगळ्यात वाईट वाटतं. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी उभा राहून काढलेला फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. दोघांचाही बीएमआय २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. त्याआधी याज्ञिकांच्या गटाने पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळं मोजली होती. त्यांचं सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. आपली बाळं सगळ्या मापांत लहान भरली, पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी त्या मानाने टिकून होती. म्हणजे बारीक दिसणारं शरीर आणि आत चरबी, हे दुखणं जन्मापासूनचं. असं संशोधन आपल्या गावात झालेलं असताना 'गोऱ्यांचं माप' म्हणून हात झटकणं मला सहन होत नाही.

मी राहतो त्या इंग्लंडमधल्या लेस्टरमध्ये चाळिशीनंतर हेल्थ चेकचं पत्र येतं. मी सर्जरीत, म्हणजे इथल्या डॉक्टरांच्या दवाखान्यात, गेलो तेव्हा प्रॅक्टिस नर्सने बूट काढायला लावून वजन-उंची घेतली. मग शर्ट वर करायला सांगितला, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड बोटांनी चाचपलं, दोन्हींच्या बरोबर मध्ये टेप धरला, श्वास सोडू दिला आणि मग आकडा वाचला. टेप कातडीला टेकलेला, पण आवळलेला नाही. बीएमआय २४ आला. माझ्या गोऱ्या शेजाऱ्याचा २४ आला असता तर त्याला 'छान आहे' म्हणून घरी पाठवलं असतं. मला तिने सांगितलं, तुमच्यासाठी २३ पासून जपायचं, २७.५ ला लठ्ठ धरायचं. रक्तदाब थोडा चढा निघाला, तर गोळी लिहून न देता घरी आठवडाभर मोजून आणायला सांगितला. कारण सर्जरीत १४०/९० ही रेषा असली, तरी घरी १३५/८५ धरतात. या सगळ्याला टेप, वजनकाटा आणि रक्तदाबाचा पट्टा पुरला.

आता मित्रांचं पाहा. एकाने मला त्याच्या फुल बॉडी चेकअपचा रिपोर्ट अभिमानाने पाठवला. व्हिटॅमिनं, थायरॉइड, पानंच्या पानं आकडे. कंबरेचं माप कुठेच नाही, आणि उंची-वजन त्याला विचारून लिहिलेलं! रक्त काढायला माणूस घरी येतो, पण टेप लावायला कुणाला वेळ नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाने २०१९ ते २१ या फेरीत कंबर आणि नितंबांचा घेर मोजला. बीएमआय २५ च्या निकषाने साधारण चौथा हिस्सा स्त्री-पुरुष जाड ठरले, पण कंबर-नितंबांच्या गुणोत्तराने ५७ टक्के स्त्रिया आणि ४८ टक्के पुरुष धोक्याच्या रेषेपलीकडे निघाले. टेप काय दाखवतो ते एवढ्यावरूनच कळावं.

राहता राहिला इंजेक्शनांचा मुद्दा. ती भारतात आली २०२५ मध्ये. आशियाई लोकांसाठी २३ चा आकडा जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २००४ मध्ये मांडला होता, आणि २००९ मध्ये भारतीय डॉक्टरांनी २३ ला जादा वजन, २५ ला लठ्ठपणा असं एकमताने ठरवलं होतं. कंबरेची मर्यादा पुरुषांना ९० सेंटिमीटर, स्त्रियांना ८०. बीएमआयवर विश्वास नसेल तर तो सोडून द्या. आपल्या उंचीएवढी दोरी घ्या, दुमडून निम्मी करा आणि कंबरेभोवती घाला. पुरली नाही, तर घेर उंचीच्या निम्म्याहून जास्त आहे. ही रेषा इकडच्या 'नाइस'ने, म्हणजे उपचारांचे निकष ठरवणाऱ्या संस्थेने, गोऱ्यांना आणि आपल्याला एकच ठेवलीय.

यावर मित्राचं उत्तर ठरलेलं: 'तू तिकडे बसून आम्हाला शिकवू नकोस. आम्हाला निदान डॉक्टर त्याच दिवशी भेटतो.' भेटतो, खरंय. इथे अपॉइंटमेंटसाठी ताटकळावं लागतं, तेही खरंय. पण 'तिकडे बसून' हे मला लागतं. माझे बाबा सडपातळ होते. काडीसारखे हात-पाय, पोट जरा पुढे. सगळं घर त्यांना काटक म्हणायचं. पायाची जखम भरेना तेव्हा कळलं की शुगर कित्येक वर्षांपासूनची आहे. मला ते फोनवर कळलं. त्यांच्या कंबरेला कधी कुणी टेप लावला नव्हता. मित्रांशी मी इतका तावातावाने भांडतो ते बरंचसं त्या फोनमुळे आहे.

पासपोर्ट बदलला, पण सर्जरीच्या फॉर्मवर मी अजून 'भारतीय' या रकान्यावरच खूण करतो, आणि माझी मर्यादा त्या खुणेवरून ठरते. मुलगा इथेच जन्मला. त्याचं मराठी मोडकं आहे आणि पुणं त्याच्यासाठी सुट्टीतलं गाव. पण त्याच्या शरीराला तीच मर्यादा. आपल्या लोकांना टाइप २ मधुमेहाचा धोका पंचविशीपासूनच वाढतो, असं इकडचेच डॉक्टर सांगतात, आणि तपासणीचं पत्र मात्र चाळिशीत येतं. ही इथल्या व्यवस्थेची चूक आहे, ते मी मित्रांना मोकळेपणाने सांगतो. म्हणून मुलाच्या कंबरेला टेप मी घरीच लावतो. तो वैतागतो, 'बाबा, मी ब्रिटिश आहे' म्हणतो. मी त्याला याज्ञिकांचा आणि युडकिनांचा तो फोटो दाखवतो आणि विचारतो, यातला तू कोणता? तो पुण्याच्या माणसाकडे बोट दाखवतो. काळजीचंच उत्तर आहे ते, तरी ऐकून मला बरं वाटतं.